मागच्या भिंतीवरची आयव्ही

आयव्हीची वेल लावायची कल्पना माझ्या डोक्यात साडूच्या घरी चहा पिताना शिरली. साडूच्या बंगल्याची दर्शनी भिंत हिरव्या, टोकदार, नक्षीच्या पानांनी गच्च भरलेली होती आणि साडू त्या भिंतीकडे पाठ करून बसला होता. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काही असतं तो नेहमी त्याच्याकडे पाठ करूनच बसतो, म्हणजे समोरच्याला ते दिसत राहतं. "काही नाही हो, लावली आणि विसरून गेलो," तो म्हणाला. मी बशी खाली ठेवली आणि मनात म्हटलं, साडू जे विसरून वाढवू शकतो ते आपण लक्षात ठेवून नक्कीच वाढवू शकतो.

मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. बावीस वर्षांत लाखो कागद माझ्या हातावरून आले आणि गेले, त्यातला एकही माझा नव्हता. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढे मी जे केलं ते कुठल्या भुकेपोटी केलं हे कळावं. समर्थन म्हणून नाही. समर्थन करण्यासारखं त्यात काही नाही.

आम्ही तळमजल्यावर राहतो. पुढे दाराशी मातीची दीड फुटी पट्टी आहे. मागे, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, चार फुटांची मोकळी जागा आणि मग सोसायटीच्या कुंपणाची उंच, करडी, कुठेकुठे पोपडे आलेली भिंत. सिंकसमोरच्या खिडकीतून ती भिंत सोडून दुसरं काही दिसत नाही.

"मागे लावा," बायको म्हणाली. "भांडी घासताना मला जरा हिरवं दिसेल."

"मागे कोण बघणार?" मी म्हटलं.

ती पुन्हा सिंककडे वळली. बारा वर्षं ती बघतेच आहे, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

तर आयव्ही पुढे, दाराशी लावायची असं मी ठरवलं. पण लावायची म्हणजे नुसती लावायची नव्हती. आमचे सेक्रेटरी अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांच्याइतका त्रास मला कुठल्याही दुर्जनाने दिलेला नाही. "भिंत सामाईक आहे," ते म्हणाले. "तिच्यावर वेल चढवणं म्हणजे इमारतीच्या बाह्य स्वरूपात बदल. अर्ज करा. सोबत आराखडा जोडा."

"वेलीचा आराखडा?"

"पूर्ण वाढ झाल्यावर ती कुठवर जाईल, त्याचा."

मी तीन संध्याकाळी खर्चून आराखडा काढला. कार्यकारिणीने तो उलटा धरून पाहिला आणि वेल वरून खाली का येते आहे अशी विचारणा केली. मग वरच्या मजल्यावरच्या ओव्हरसियरांचं नाहरकत पत्र आणा म्हणाले. हे ओव्हरसियर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी देखरेख करायचे थांबलेले नाहीत. "आयव्हीची मुळं विटांत शिरतात," त्यांनी गॅलरीतूनच सांगितलं. "मी एक अख्खा पूल असा गेलेला पाहिलाय."

"कुठला पूल?"

"आता नाही तो," ते म्हणाले.

शेवटी 'वेल पहिल्या मजल्याच्या खालच्या कडेपलीकडे जाणार नाही' असं हमीपत्र माझ्याकडून घेऊन परवानगी मिळाली. मुलाबाळांची हमी मी कधी दिली नव्हती, वेलीची दिली. रोपवाटिकावाल्याने वीतभर उंचीचं रोप हातात ठेवलं. "साहेब, ही मरत नाही," तो म्हणाला.

पहिली अकरा दिवसांत मेली. दुसरीला मी जास्त पाणी घातलं, ती आठ दिवसांत मेली. तिसरीला ओव्हरसियरांनी सांगितलं म्हणून चहाचा चोथा घातला, आणि सेक्रेटरींनी सांगितलं म्हणून काढला. ती मेली नाही. पण जगलीही नाही. करपलेली चार पानं घेऊन भर उन्हात ती दाराशी उभी राहिली. येणारे-जाणारे थांबून "काय झालं हो हिला?" असं विचारू लागले. माझ्या दारात एखादा माणूस आजारी असता तर इतक्या लोकांनी चौकशी केली नसती.

अशात माझे सासरे आमच्याकडे आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पंधरा दिवसांसाठी येतो म्हणाले. मग दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू निघाला, मग डोळ्यांचे डॉक्टर सुट्टीवर गेले, मग चष्म्याचा नंबर बसेना. मिळून पावणेदोन वर्षं राहिले. पण त्यांचं राहणं कधी जाणवलं नाही. त्यांच्या सामानात एक पिशवी कपड्यांची आणि एक डबा सुयादोऱ्यांचा होता. आयुष्यभर त्यांनी शिंपीकाम केलेलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सुईला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. त्यामुळे ते दिवसभर नुसते हात मांडीवर ठेवून बसायचे, आणि अंगठा तर्जनीवर असा घासत राहायचे की जणू कापडाचा पोत बघताहेत.

चौथ्या की पाचव्या दिवशी ते दाराशी उकिडवे बसून माझ्या आयव्हीकडे बघत होते. डोळ्यांना काळा चष्मा.

"जावईबापू, हिला ऊन सोसत नाही," ते म्हणाले. "पान कसं कडेकडेने जळलंय बघा. जास्त गरम इस्त्री फिरवल्यासारखं. मागे सावली आहे. मागे नेऊ या का?"

मला ते आवडलं नाही. पण नाही म्हणायला जीव असलेली आयव्ही जवळ असावी लागते. मी खड्डा खणला, त्यांनी रोप उचललं आणि मागच्या भिंतीच्या पायथ्याशी लावलं. बायको खिडकीत उभी होती. वडील जे दोन मिनिटांत बोलले तेच तिने वर्षापूर्वी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. तिने फक्त चहा केला.

पुढचं खरं सांगायचं तर मी फारसं पाहिलंच नाही. मी ऑफिसात असायचो. संध्याकाळी आलो की काहीतरी झालेलं असायचं. एक दिवस पाहिलं तर वेलीला फुटलेला एकुलता एक कोवळा शेंडा खुडलेला.

"बाबा, हे कोणी केलं?"

"मीच," ते म्हणाले. "एक शेंडा ठेवला तर ती दोरीसारखी सरळ वर जाईल. खुडला की खालून दोन फुटतात, दोनाचे चार. घेर यायला पाहिजे ना."

तो शेंडा यावा म्हणून मी आठ महिने वाट पाहिली होती. मी जेवलो नाही नीट. पण पंधरा दिवसांनी खरंच दोन फुटले. मग ते रोज सकाळी पानं उलटी करून ओल्या फडक्याने पुसू लागले, कारण पानांच्या पोटाशी बारीक लाल कोळी बसतात. भिंतीला खिळे ठोकून त्यांनी दोरे ताणले, आणि कोवळ्या फांद्या त्या दोऱ्यांना बांधायला जुन्या कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या केल्या. डॉक्टरांनी सुईची परवानगी दिल्यावर पहिलं शिवणकाम त्यांनी केलं ते या पट्ट्यांचं. दोन्ही कडा आत दुमडून, हाताने तुरपाई घालून.

"एवढं कशाला? नुसती चिंधी बांधा की," मी म्हटलं.

"कच्ची कड सुटते. दोरे निघतात, ते सालीला कापतात." आणि थोडं थांबून, जरा ओशाळून, "आणि मला नुसती चिंधी बांधता येत नाही."

दीड वर्षात भिंत भरली. इतकी सुरेख भरली की वर ओव्हरसियरांनी आपली बसायची खुर्ची पुढच्या गॅलरीतून मागच्या खिडकीत हलवली. पुलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. सेक्रेटरी हमीपत्रातली उंची मोजायला म्हणून फूटपट्टी घेऊन आले आणि तासभर माझ्या सासऱ्यांशी बोलत बसले. भाजीवाली येऊन एक फांदी मागून गेली. शिंपी म्हणून सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. आणि आता सगळे जण म्हणू लागले, "मास्तरांची वेल."

इथे माझं बिनसलं.

रोप मी आणलं होतं. दोन रोपांचं मरण मी पाहिलं होतं. आराखडा मी काढला होता, हमीपत्रावर सही माझी होती, खड्डा मी खणला होता. आता कोणी दार वाजवलं आणि मी उघडलं तर, "मास्तर आहेत का?" असं विचारलं जाई आणि मी माझ्याच घरात बाजूला सरून वाट देई. आवक-जावक इथेही माझ्याकडेच आली. एकदा तर बायकोच शेजारणीला म्हणाली, "बाबांची वेल बघून जा." मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. त्यानंतर अर्धा तास मी एकच बातमी वाचत होतो.

तेवढ्यात सेक्रेटरी एक छापील अर्ज घेऊन आले. परिसरातल्या सगळ्या सोसायट्यांच्या महासंघाने घरगुती बागांची स्पर्धा ठेवली होती, त्यात भिंतीवरच्या वेलींचा एक वेगळा गट. "मास्तरांच्या वेलीला तोड नाही," ते म्हणाले. "पण स्पर्धक सभासदच असायला हवा. तेव्हा नाव तुमचंच घाला."

मी घातलं. नियमच तसा होता. इथवर माझं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

परीक्षक बाई आल्या तो रविवार होता. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांच्याबरोबर महासंघाचा फोटोग्राफर होता. मी धुतलेला सदरा घातला होता. सासरे बाजूलाच बसले होते. बाईंनी पानं उलटून पाहिली, माती दोन बोटांत चुरून पाहिली, मग एका पट्टीपाशी थांबल्या. चष्मा लावला, एक पट्टी पाहिली, दुसरी पाहिली, दहावी पाहिली.

"या सगळ्यांना तुरपाई आहे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत असं पाहिलं नाही मी. कोणी केलं हे?"

आणि मी म्हणालो, "मीच."

मी हे ठरवून म्हटलं नाही. कोणी फोनवर "कोण बोलतंय?" म्हटल्यावर आपण "मी" म्हणतो तितक्या सहज ते तोंडातून गेलं. एका शब्दाने काम झालं, आणि तो शब्द माघारी घ्यायला किती शब्द लागतील याचा मी मनात अंदाज घेऊ लागलो तोवर बाई पुढे बोलल्या, "कमाल आहे. शिवण कधीपासून?"

मला सदऱ्याचं बटण लावता येत नाही. हे बायकोला माहीत आहे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा सासरे म्हणाले, "जावईबापूंच्या हाताला वळण आहे पहिल्यापासून." अगदी शांतपणे. गिऱ्हाइकाला कपडा तंग होतोय हे दिसत असताना तो धुतल्यावर सैल होईल असं सांगावं, त्या आवाजात.

बाईंनी लिहून घेतलं. फोटो निघाले. सगळे गेले.

आठ दिवसांनी पहिलं बक्षीस जाहीर झालं आणि त्याच आठवड्यात सासरे निघाले. "डोळे आता बरे आहेत, गिऱ्हाइकं वाट बघत असतील," म्हणाले. बक्षीस समारंभापर्यंत थांबा असं मी म्हटलं. म्हणजे, एकदा म्हटलं. ते हसले आणि पिशवी उचलली. बायको त्यांना बसवर सोडून आली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त मीठ, चावी आणि गॅस या विषयांवर बोलली.

समारंभात मला चषक मिळाला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी सासऱ्यांची वाक्यं म्हणून दाखवली. एक शेंडा खुडला की दोन फुटतात. कच्ची कड सालीला कापते. टाळ्या पडल्या. चांगल्या वाक्यांना पडतातच. पहिल्या रांगेत साडू बसला होता, त्याने उठून हात मिळवला. ज्या क्षणासाठी मी हे सगळं आरंभलं होतं तो हा क्षण, आणि मला कधी एकदा घरी जातो असं झालं होतं.

त्यानंतर माझी जी शोभा झाली ती झालीच. महासंघाने मला वेलींचा सल्लागार नेमलं. लोक पिवळी पानं रुमालात गुंडाळून ऑफिसात आणू लागले. मी पान उलटं करून गंभीरपणे "हं" म्हणायचो आणि उद्या सांगतो सांगायचो. संध्याकाळी बायकोकडून सासऱ्यांना फोन करवायचो. ती पलीकडचं ऐकून मला एका वाक्यात उत्तर सांगायची आणि फोन माझ्या हातात न देता ठेवायची. एकदा मी न विचारताच साडूला खत सांगितलं. त्याच्या भिंतीची निम्मी वेल गळाली. तो आता तिच्याकडे तोंड करून बसतो.

मग महिला मंडळाने 'तुरपाईच्या पट्ट्या' या विषयावर प्रात्यक्षिक ठेवलं. मी पंधरा दिवस दार लावून सराव केला. डाव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या लावून गेलो आणि बोटं दुखावली असल्याचं सांगून नुसतं तोंडी समजावलं. घरी आलो तेव्हा बायको मागे वेलीपाशी होती. एक पट्टी सुटली होती ती बांधत होती.

"तुम्हाला एवढं जमत नाही," ती म्हणाली, "तर खरं सांगणं तरी जमतं का बघा."

मी महासंघाला पत्र लिहिलं. पत्र हा माझा प्रांत आहे. 'सदर वेलीची संपूर्ण निगा तसेच पट्ट्यांचे शिवणकाम माझ्या सासऱ्यांनी केले असून अनवधानाने ते माझ्या नावे नोंदले गेले आहे, तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी.' अनवधानाने हा शब्द मी दोनदा खोडला आणि दोनदा पुन्हा लिहिला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपल्या विनयाची महासंघाने कौतुकपूर्वक नोंद घेतली आहे.'

मी दुसरं पत्र पाठवलं, हा विनय नसून वस्तुस्थिती आहे म्हणून. यावर सेक्रेटरी स्वतः घरी आले. चेहरा उतरलेला. सासरे सभासद नाहीत, तेव्हा त्यांच्या नावावर वेल केली तर प्रवेशिका बाद होते. प्रवेशिका बाद झाली तर बक्षीस जातं. बक्षीस गेलं तर त्या गुणांवर मिळालेला 'आदर्श सोसायटी'चा फलक फाटकावरून उतरवावा लागेल, आणि तो नुकताच सिमेंटमध्ये बसवला आहे. "तुमचं मन मोठं आहे हे सगळ्यांना माहीत आहे," ते माझा हात दाबून म्हणाले. "पण बत्तीस घरांचा विचार करा."

मी वार्षिक सभेत उभा राहिलो. म्हटलं, मी खोटं बोललो. सभेत हशा पिकला. ओव्हरसियर, जे वरच्या खिडकीतून सासऱ्यांना पट्ट्या शिवताना रोज पाहत होते, तेही हसले. पाहिलेलं एक असतं आणि इतिवृत्तातलं एक असतं, हे त्यांना सरकारी नोकरीमुळे ठाऊक होतं. खोटं मी एका शब्दात बोललो होतो. खरं आता पानंच्या पानं लिहून आणि उभं राहून सांगितलं तरी कोणी घेईना.

शेवटी एका रविवारी मी सासऱ्यांकडे गेलो. एकटा. बसमध्ये चार तास वाक्यं जुळवत होतो.

ते मशीनवर बसले होते. कुणाची तरी पँट खालून आखूड करत होते. मला बघून उठले, मशीनशेजारची एकुलती खुर्ची पुसून मला दिली, स्वतः स्टुलावर बसले. चहा झाला. मग मी सगळं सांगितलं. पत्रं, उत्तरं, फलक, सभा. 

"एवढं कशाला केलंत?" ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शिवलं. कॉलरला लेबल मालकाचं लागायचं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. तुम्ही 'मीच' म्हणालात, त्याचंही नाही वाटलं."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, बसमधून उतरल्यापासून पहिल्यांदा मी पाठ टेकून बसलो. आणि मग सहज विचारलं, "मग तुम्ही एवढ्या लगेच का निघून आलात, बाबा?"

त्यांनी पँटची घडी गुडघ्यावर सारखी केली.

"फोटो काढताना तुम्ही मला म्हणालात, बाबा, जरा आत बसता का, फोटोत येताय."

मी आठवून पाहिलं. बाईंचा चष्मा आठवला, पट्ट्या आठवल्या, दारातली बायको आठवली. हे वाक्य कुठेच सापडेना.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"नसेल आठवत. गडबडीत होतात तुम्ही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी आत जाऊन बसलो. बसल्या बसल्या मनात आलं, आतच बसायचं तर मग आपलं घर काय वाईट आहे."

मी बोलायला गेलो, पण चार तास जुळवलेल्यांपैकी एकही वाक्य या जागी बसणारं नव्हतं. "चला आमच्याकडे," एवढं म्हणालो. "येईन की," ते म्हणाले, आणि मशीनकडे वळले. गिऱ्हाईक पाच वाजता येणार होतं. याला आता दोन वर्षं झाली. फोन केला की अजूनही म्हणतात, येईन की.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा बायको सिंकपाशी होती. तिच्यासमोर खिडकीभर आयव्ही. मी बूट न काढताच तिला विचारलं, बाबा असं असं म्हणाले, असं खरंच काही मी म्हणालो होतो का.

"म्हणालात ना," ती म्हणाली. "त्यांची खुर्ची मीच उचलून आत आणली."

"मग मला कसं आठवत नाही?"

"तुम्ही तेव्हा भांग पाडत होतात," ती म्हणाली, आणि तिने नळ सोडला.